माळावरच्या पाखरांचे गाणे टिपताना

गेल्या अंकात या सदरात मी नागपूरच्या आसपासच्या गायरानांवर ऐकू येणाऱ्या चंडोलांविषयी थोडे लिहिले होते आणि ज्या वाचकांना शक्य असेल त्यांनी हे आवाज, फोनवर का होईना, टिपून ठेवावेत अशी विनंती केली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न येथे घेत आहे. काही वाचकांनी एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत मांडली होती, ती पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या धुऱ्याजवळच्या पडीत जमिनीवर एप्रिल महिन्यात चिमणीएवढा, खालून काळा असलेला एक पक्षी सरळ वर चढतो आणि शीळ घालत दगडासारखा खाली येतो, जमिनीला टेकण्याआधीच पुन्हा वर उसळतो. हा कोणता पक्षी आणि तो असे का करतो? फोनवर आवाज घेतला तर वाऱ्याची घरघरच ऐकू येते. (एक शेतकरी वाचक, हिंगणा तालुका)

उत्तर : आपण वर्णन इतके नेमके केले आहे की ओळख पटण्यास अडचण पडली नाही. हा डोंबारी, म्हणजे चंडोलांच्या कुळातला एक लहान पक्षी. नराचा माथा राखी, गाल पांढुरके, आणि डोळ्यातून जाणारी पट्टी व हनुवटीपासून पोटापर्यंतचा भाग काळा असतो. मादी मातकट असते आणि नांगरलेल्या ढेकळांत बसली तर पाच पावलांवरूनही दिसत नाही. ज्या कोणी या पक्ष्याला डोंबारी म्हटले त्याने त्याचे उड्डाण पुष्कळ वेळा पाहिले असले पाहिजे. नर फडफडत सुमारे ३० मीटरपर्यंत चढतो, पंख आवळून डोके खाली करून गोता घेतो, त्या गोत्याच्या वेगावरच पुन्हा थोडा वर उसळतो, परत गोता घेतो, आणि असा टप्प्याटप्प्याने उतरत अगदी जमिनीजवळ आल्यावर सपाट होऊन एखाद्या ढेकळावर किंवा दगडावर बसतो. लांब ओढलेली ती शीळ गोत्याबरोबर येते.

दयाळाला गाण्यासाठी झाडाचा शेंडा मिळतो. माळावर उंच बसण्याची जागाच नसते आणि गवतात बसून गायिले तर आवाज गवतातच मुरतो, म्हणून माळावरचे पुष्कळ पक्षी हवेत चढून गातात. वरून आवाज दूरवर जातो आणि गाणाराही दुरून दिसतो. याला आपण प्रियाराधन म्हणतो ते बरोबरच आहे, परंतु ते एकट्या मादीसाठी नसते. ही हद्द आपली आहे हे शेजारच्या नराला त्याच उड्डाणातून कळते. डोंबाऱ्याच्या बाबतीत गाणे एक आणि उड्डाण दुसरे असे दोन भाग पाडताच येत नाहीत. पुढच्या उत्तरांतही मी या मुद्द्याकडे पुन्हा येणार आहे, कारण ध्वनिमुद्रण करणाऱ्या बहुतेकांची पहिली चूक येथेच होते.

आता घरघरीविषयी. आपला फोन बिघडलेला नाही. माईकच्या छिद्रावरून वारा वाहिला की तेथे हवेचे लहान लहान भोवरे तयार होतात आणि त्यांचा दाब दूरच्या पक्ष्याच्या आवाजाहून कितीतरी अधिक असतो. त्यावर उपाय तीन आहेत आणि त्यांपैकी पहिल्या दोघांना पैसे पडत नाहीत. पहिला उपाय वेळेचा. रात्रभर थंड झालेल्या जमिनीलगतची हवा पहाटे स्थिर असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत साधारण आठ वाजल्यानंतर तापलेली जमीन हवा उसळवू लागते आणि मग कितीही चांगले यंत्र असले तरी माळावर फारसे काही हाती लागत नाही. दुसरा उपाय बसण्याचा. जमिनीजवळ वारा कमी असतो, म्हणून उभे राहू नये. वाऱ्याकडे पाठ करून, धुऱ्याच्या आडोशाला बसावे आणि फोन हातात न धरता घडी केलेल्या पंचावर ठेवावा, कारण बोटांच्या हालचालीचा आवाजही टिपला जातो. तिसरा उपाय म्हणजे माईकवर घालायचे केसाळ कापडाचे आवरण, जे वाऱ्याचा वेग माईकपर्यंत पोहोचण्याआधीच मोडते.

एक गोष्ट मात्र फोनमध्येच बदलावी लागेल. फोन माणसाचे बोलणे टिपण्यासाठी घडवलेला असतो. पार्श्वभूमीला सतत येणारा बारीक, उंच आवाज त्याला गोंगाट वाटतो आणि तो आपणहून त्याला दाबतो. त्यामुळे गोंगाट कमी करण्याची सोय बंद ठेवता येईल आणि आवाज न आवळता वेव्ह प्रकारच्या फाईलमध्ये साठवेल असे ॲप वापरावे, आणि मुद्रण सुरू करण्यापूर्वी फोन विमान-अवस्थेत टाकावा.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. स्वतंत्र रेकॉर्डर घ्यावा की लांब नळीचा माईक, की तबकडीसारखे परावर्तक? (प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : आधी साधा रेकॉर्डर घ्यावा, एक हंगाम त्यावर काढावा आणि मगच पुढचा विचार करावा. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या मोजमापावर मुद्रण केले की २४ किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी नोंदले जातात आणि माळावरच्या कोणत्याही पक्ष्यासाठी ते पुरेसे आहे. काही रेकॉर्डरांत बटण दाबण्यापूर्वीचे काही सेकंद आपोआप साठवण्याची सोय असते. ती असलेला मिळाल्यास अवश्य घ्यावा, कारण डोंबारी कधी उठेल हे आपल्याला आधी कळत नाही आणि तो उठल्यावर दाबलेल्या बटणाला सुरुवातीचे सूर सापडत नाहीत.

परावर्तकाविषयी एक हिशेब मांडते. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरला तर ४००० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास येते, आणि ६० सेंटिमीटर व्यासाची तबकडी असे सूर सहज एकवटते. परंतु सुमारे ६०० हर्ट्झच्या खाली तरंगलांबीच तबकडीहून मोठी होते आणि मग तबकडीचा उपयोग जवळजवळ संपतो. चंडोलांसाठी ती उत्तम आहे. माळढोकाच्या नराच्या खोल घुमण्यासाठी किंवा बटन क्वेल या गवतात राहणाऱ्या लहान पक्ष्याच्या मादीच्या घुमाऱ्यासाठी ती काही कामाची नाही.

साधनाची चिंता वाटू लागली की मला १८८९ साल आठवते. त्या वर्षी जर्मनीतल्या लुडविग कॉख नावाच्या लहान मुलाने एडिसनच्या मेणाच्या नळीवर पाळीव पक्ष्याचा आवाज घेतला, आणि पक्ष्याच्या आवाजाचे ज्ञात असलेले सर्वांत जुने ध्वनिमुद्रण म्हणून त्याचीच नोंद केली जाते. तो पक्षी होता शामा, आपल्या देशातला.

प्रश्न : माझ्याकडे दोन वर्षांच्या पुष्कळ फायली जमल्या आहेत, पण त्यांचा अभ्यासाला उपयोग कसा करावा हे कळत नाही. व्हिडिओ घ्यायला हवा होता का? आणि गाताना पक्षी काय करत होता याची नोंद कशी ठेवतात? (काटोल मार्गावरील एक वाचक, याच आशयाची आणखी तीन पत्रे)

उत्तर : हा प्रश्न वाचून मला माझे पहिले वर्ष आठवले. त्या उन्हाळ्यात मी चाळीसेक फायली घेतल्या आणि घरी आल्यावर त्या अभिमानाने ऐकत बसले. पण डोंबाऱ्याची शीळ गोत्याच्या आरंभी सुरू होते की मध्यावर, एका उड्डाणात तो किती गोते घेतो, जवळ मादी होती की दुसरा नर, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता येईना. मुद्रण चालू असताना मी सगळा वेळ रेकॉर्डरच्या पडद्याकडे पाहत होते. आवाज हाती आला होता, वर्तन निसटले होते, आणि त्या फायली आजही केवळ ऐकण्यापुरत्या आहेत.

तेव्हापासून मी बोलून नोंद करते. मुद्रण सुरू करताना पक्ष्याकडेच पाहावे, आवाजाची पातळी आधीच ठरवून ठेवावी, आणि पक्षी खाली उतरून शांत झाल्यावर, रेकॉर्डर बंद करण्यापूर्वी, हलक्या आवाजात सर्व काही सांगावे. ही घोषणा आरंभी करू नये, कारण आपण बोलत असताना पक्षी थांबत नाही. माझ्या एका फाईलच्या शेवटी अशी नोंद आहे : "डोंबारी, नर. ढेकळावरून उठला. पाच गोते. पाचव्या गोत्यानंतर त्याच ढेकळाच्या हातभर अंतरावर उतरला. माझ्यापासून अंदाजे चाळीस मीटर. वारा नाही. मादी दिसली नाही. पश्चिमेला दुसरा नर गात होता, तो चढल्यावर हाही चढला." शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे आणि ते फाईल कितीही वेळा ऐकली तरी तिच्यातून काढता आले नसते. "मादी दिसली नाही" हेही तितकेच मोलाचे, कारण प्रत्येक गाण्यावर प्रियाराधन असा शिक्का मारण्याची आपल्याला घाई असते.

व्हिडिओ घेतल्यास लाभच आहे, पण एक खबरदारी हवी. पक्षी १०० मीटरांवर असेल तर त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचायला सुमारे ०.२९ सेकंद लागतो. सेकंदाला २५ चौकटींच्या चित्रणात हा सात चौकटींचा फरक झाला. डोंबाऱ्याचा गोता इतका झटपट असतो की सात चौकटींत तो गोत्यातून उसळीत गेलेला असतो, आणि मग शीळ उसळीच्या वेळी येते असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून कॅमेरा आणि रेकॉर्डर शेजारी ठेवून आरंभी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी, त्या टाळीवर दोन्ही जुळवावेत, आणि मग पक्ष्याच्या अंतराप्रमाणे ध्वनी चित्रापेक्षा तेवढा आधी सरकवावा. टाळी अर्थातच पक्षी जवळपास येण्यापूर्वी वाजवावी.

वर्तनाची नोंद कशी ठेवावी याविषयी प्राणिवर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये लिहिलेला निबंध आजही आधारभूत मानला जातो. त्यांचा एक इशारा आपल्याला तंतोतंत लागू पडतो : दिसेल ते लिहायचे असे ठरवले की जे डोळ्यांत भरते तेच लिहिले जाते. माळावर डोळ्यांत भरतो तो उडणारा नर. त्याऐवजी एक पक्षी निवडावा, दहा किंवा पंधरा मिनिटे त्याच्यावरून नजर हलवू नये, आणि तो दाणे टिपत असेल, पिसे साफ करत असेल, नुसता बसला असेल, तरी तेही वेळेसह लिहावे. असे केल्यावर तो तासात किती वेळा चढतो हे प्रथमच कळते. शांततेचीही फाईल ठेवावी, हे सांगितल्यावर पुष्कळांना नवल वाटते.

नराकडेच पाहण्याची सवय किती फसवी आहे याचे उदाहरण गवतातच आहे. बटन क्वेल हा लाव्यांसारखा दिसणारा लहान पक्षी आहे आणि आपल्याकडे शेताच्या कडेच्या गवतात तो राहतो. त्याच्या जातींत मादी अधिक गडद रंगाची असते, घुमणारा आवाज मादी काढते, नरासाठी दुसऱ्या मादीशी भांडण मादी करते, आणि अंडी घातल्यावर ती उबवणे व पिले वाढवणे हे नराकडे सोपवून ती दुसऱ्या नराच्या शोधात जाते. गाणारा तो नर असे वहीत आधीच छापून ठेवले असेल तर या पक्ष्याची प्रत्येक नोंद उलटी होईल.

आपल्या जुन्या फायली टाकून देऊ नयेत. तारीख, वेळ आणि ठिकाण आठवत असेल तर ते आजच लिहून ठेवावे. ऑडॅसिटी हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर वापरून फाईलचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे ध्वनीचे चित्र, पाहता येते. त्यात समृद्धी महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज तळाशी जाड पट्ट्यासारखा आणि चंडोलाचे सूर त्याच्या बरेच वर वेगळे दिसतात. खालचा भाग गाळायचा असल्यास प्रतीत गाळावा, मूळ फाईलला हात लावू नये. लाव्यांच्या बाबतीत तर चित्र पाहताच शंका फिटते : पावसाळ्यात गवतातून येणारी काळ्या छातीच्या लाव्याची हाक दोन तुटक ठोक्यांची असते आणि साध्या लाव्याची तीन ठोक्यांची. चंडोलांविषयी मात्र सावध राहावे, कारण मुरारीसारखे काही चंडोल इतर पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल आपल्या गाण्यात गुंफतात. फोनवरच्या ॲपने आवाजावरून टिटवी सांगितली म्हणून टिटवी लिहू नये. पक्षी डोळ्यांनी पाहिलेला असावा.

प्रश्न : फोनवर त्याच पक्ष्याचा आवाज वाजवला तर तो जवळ येतो, असे एका सहलीत दाखवले गेले. मुद्रणासाठी हे करावे का? (महाल, नागपूर)

उत्तर : करू नये. पक्षी जवळ येतो तो हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून. तो खाणे सोडतो, मादीजवळचा पहारा सोडतो, आणि नसलेल्या शत्रूला हाकलण्यात सकाळचा मोलाचा काळ घालवतो. शिवाय आपण टिपले ते त्याचे रोजचे गाणे नव्हेच, ते आपण चिडवल्यावर दिलेले उत्तर असते, त्यामुळे वर्तनाची नोंद म्हणूनही त्याला किंमत राहत नाही. जवळून आवाज हवा असेल तर त्याचे आवडते ढेकूळ किंवा दगड आदल्या दिवशी दुरून हेरून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी पुरेशा अंतरावर जाऊन बसावे; तो तेथेच येतो. अंतर निम्मे झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते, हा लाभ घ्यावा, पण चालत त्याच्यामागे जाऊन घेऊ नये.

या पक्ष्यांची घरटी जमिनीवर, गवताच्या बुडाशी किंवा नुसत्या खळग्यात असतात. आपली ये-जा झालेल्या वाटेने कुत्री जातात, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. पक्षी सारखा आपल्याभोवती फिरून ओरडू लागला, किंवा चोचीत किडा धरून उतरायला कचरू लागला, तर घरटे जवळ आहे असे समजून आल्या वाटेने लगेच परत फिरावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली आहे तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणेही येते, हे सहली काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

याच संदर्भात दोघा वाचकांनी तणमोराचे नाचणे टिपण्यासाठी कोठे जावे असे विचारले आहे. पावसाळ्यात काळ्या-पांढऱ्या पिसाऱ्यातला तणमोराचा नर एकाच ठरलेल्या जागी गवताच्या वर दीड-दोन मीटर उडी घेतो, दिवसभरात शेकडो वेळा, आणि उडीबरोबर पंखांचा खडखडाट होतो. अकोला-वाशीम भागातल्या माळांवर त्याच्या नोंदी आहेत. धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत २०२१ पासून तो अतिसंकटग्रस्त आहे. त्याची जागा मी येथे लिहिणार नाही, आणि कोणाला योगायोगाने तो दिसलाच तर त्यांनीही ती समाजमाध्यमांवर लिहू नये. वनविभागाला कळवावे आणि दूर राहावे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्या गावच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी चराऊ जमिनीवर झाडे लावण्याचे घाटत आहे, कारण ती कागदोपत्री पडीक आहे. मुलांनी तेथे चंडोलांचे आवाज टिपले आहेत. त्यांचा काही उपयोग होईल का? (उमरेड तालुका)

उत्तर : होईल, आणि ताई, आपले पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला. झाडे लावणे चांगलेच आहे, पण कुसळ आणि मारवेल उगवणाऱ्या उघड्या माळावर दाट झाडे उभी राहिली की तेथून डोंबारी, माळटिटवी, पखुर्डी आणि धाविक निघून जातात, कारण त्यांना चारी बाजूंनी मोकळे दिसणारी जमीनच हवी असते. गावातल्या गुरांची चराईही त्याबरोबर जाते, आणि ग्रामसभेत हे कारण पक्ष्यांपेक्षा लवकर समजेल.

जैविक विविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. मुलांच्या नोंदी त्या नोंदवहीत जाव्यात यासाठी समितीकडे लेखी अर्ज करावा. प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत तारीख, वेळ, जमिनीचा गटक्रमांक, कोणत्या मुलाने कोणता पक्षी डोळ्यांनी पाहिला, आणि तो तेव्हा काय करत होता हे असावे. गाणारा नर एकदा ऐकू आला तर तो वाटेने जाणाराही असू शकतो. तोच नर त्याच जागेवरून तीन-चार आठवडे चढताना दिसला, किंवा चोचीत चारा घेऊन उतरताना दिसला, तर तेथे वीण होत असल्याचा तो भक्कम पुरावा ठरतो. म्हणून मुलांना आठवड्यातून एकदा, त्याच वाराला, त्याच जागी, वीस मिनिटे बसवावे आणि काही ऐकू आले नाही तरी तसे लिहून घ्यावे. मूळ फायलींची एक प्रत शाळेत ठेवावी, आणि साध्या, धोक्यात नसलेल्या पक्ष्यांचे आवाज २००५ पासून चालू असलेल्या झेनो-कँटो या खुल्या संग्रहात आपल्या शाळेच्या नावाने चढवावेत, म्हणजे गावाबाहेरच्या अभ्यासकालाही ते पडताळता येतील.

पाऊस सुरू झाल्यावर याच जमिनीवर लाव्यांच्या हाका सुरू होतील. अर्ज त्याआधी गेला तरी चालेल; नोंदवहीत पुढची पाने जोडता येतात. मुलांच्या फायली मला पाठवल्यास मी ऐकून ओळख पडताळून देईन, पण गाताना पक्षी काय करत होता ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवावे.